तांब्यावरचं नाव

नांदेड
९ डिसेंबर २०२४

आदरणीय धोंडप्पा काका,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी लुंबिनी. बसम्मा काकूंना ज्या दवाखान्यात ठेवलंय तिथे मी काम करते. माझ्या विभागाचं नाव 'आध्यात्मिक आधार विभाग'. विभागात मी एकटीच आहे. खोली व्हीलचेअर ठेवायची आहे, तिच्यातच माझं टेबल बसवलंय. पेशंटजवळ आणि नातेवाइकांजवळ बसायचं, त्यांचं ऐकायचं, आणि नर्सताईंना असं बसायला शिकवायचं, हे माझं काम.

तुमचा पुतण्या गुरुबसप्पा म्हणाला, काकांना फोनवर काहीच ऐकू येत नाही, समोर उभं राहून ओरडलं तरी अर्धंच कळतं, पण वाचतात सगळं आणि वाचलेल्यातल्या चुकाही काढतात. म्हणून पत्र लिहिते. त्याच्या बाळाच्या बारशाला आलेल्या काकू न्हाणीघरात घसरून पडल्या हे तुम्हाला कळलंच आहे. खुब्याचं हाड मोडलं होतं. शनिवारी ऑपरेशन झालं, नीट झालं. गुडघ्यांमुळे तुम्हाला प्रवास होत नाही हे आम्हाला माहीत आहे, तेव्हा धावपळ करू नका. काकू मजेत आहेत. आज सकाळी चहा घेतला, थोडा उपमा खाल्ला. तुमची आठवण काढत होत्या.

काकूंचं मंगळसूत्र, बांगड्या वगैरे असलेली, नर्सताईंनी बांधून दिलेली पिशवी गुरुबसप्पाने तशीच मेहुण्याच्या हाती तुमच्याकडे पाठवलीय. तोच बसवराज, लातूर गाडीवरचा कंडक्टर. हे पत्रही तोच आणून देईल. पिशवी मिळाल्याचं कळवा.

आपली,
लुंबिनी


लातूर
१० डिसेंबर

लुंबिनीताई यांस धोंडप्पाचे शरणु शरणार्थी.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. पिशवीही मिळाली. बसवराज रविवारी दुपारी आला, पिशवी समोर ठेवली, पाया पडला आणि चहा न घेता गेला. जाताना काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही. बायको दवाखान्यात आणि तिचं मंगळसूत्र पिशवीत घालून घरी, याचा अर्थ या वयात कुणी समजावून सांगावा लागत नाही. पिशवी मी उघडलेली नाही. कोनाड्यात ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी आध्यात्मिक विभागाचं पत्र आलं. हाडाचं ऑपरेशन नीट झालं असतं तर हाडांच्या विभागाचं आलं असतं.

आता चहाबद्दल. माझी बायको लग्न होऊन या घरात आल्यापासून आंघोळ आणि पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. ताप असो, लग्नघर असो, भूकंपाच्या वर्षी आम्ही सगळे रस्त्यावर झोपत होतो तेव्हाही असो. तुमच्या पत्रात पूजा कुठेच नाही, एकदम चहा आहे. तेव्हा तुम्ही ज्यांना चहा पाजलात त्या दुसऱ्या कुणी बाई असणार. त्यांना उपमा गेला हे वाचून बरं वाटलं.

मी तुमच्यावर रागावलेलो नाही. आपल्याकडे रीतच आहे. हिचा भाऊ उदगीरला वारला तेव्हा मीच हिला 'जरा सिरियस आहे' म्हणत गाडीत बसवून नेलं होतं. वेस येईपर्यंत तेच म्हणत होतो. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. तिला घरातून निघतानाच कळलं होतं, असं ती नंतर म्हणाली.

एकच विनंती आहे. आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात. दवाखान्यातल्या कुणी घाईघाईत भलतं काही करू नये. माती द्यायला मी येईनच, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत. नक्की कधी गेली तेवढं कळवावं.

धोंडप्पा


नांदेड
११ डिसेंबर

काका,

काकू जिवंत आहेत. बाकीचं मागाहून. काकू जिवंत आहेत, दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या कॉटवर आहेत, आणि आत्ता शेजारच्या पेशंटच्या सुनेकडे रागाने बघत आहेत, कारण ती मोबाईलवर गाणी लावून बसली आहे.

चहाचं मी खोटं लिहिलं होतं. उपम्याचंही. नर्सताईंच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगते की नातेवाइकांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका. वर्ग सोमवारी असतो. तुम्हाला पत्रही मी सोमवारीच लिहिलं, वर्ग संपवून.

खरं असं आहे. ऑपरेशनपासून काकूंनी तोंडात काहीही घेतलेलं नाही. सगळं सलाईनवर चाललंय. विचारलं की एकच उत्तर, "घरी गेल्यावर जेवते." मोठ्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले उदास वाटतात, आणि गोळी लिहून गेले. गोळी गिळायला पाणी लागतं, पाणी त्या पीत नाहीत. मग मला सांगितलं, तुम्ही जाऊन बसा.

मी बसले. काकूंनी नाव विचारलं. लुंबिनी म्हटलं. मग मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि त्यांनी तोंड फिरवलं. आमच्यात असली नावं का ठेवतात हे लातूर-नांदेडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. लोह्याजवळच्या आमच्या गावात माझ्या आजीला, कोंडाबाईला, पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. त्यामुळे त्या फिरवलेल्या तोंडाचा मी एकच अर्थ घेतला. दुसरं काही असेल असं मनातसुद्धा आलं नाही. मला राग आला. त्याच रागात मी तुम्हाला पत्र लिहायला बसले. रागात लिहिलेलं माझं पत्र नेहमी फार गोड होतं.

तुम्ही पूजेचं लिहिलंत. काकू लिंगायत आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांच्या गळ्यात काही दिसलं नाही, म्हणून वाटलं पाळत नसतील. हल्ली बरेच जण घालत नाहीत. तरी बाजारातून शंकराची तसबीर आणून उशाशी ठेवली. काकूंनी तिचं तोंड भिंतीकडे केलं. कोणत्या देवाचा फोटो हवा ते कृपा करून कळवा. मी स्वतः देव मानत नाही. आत्माही मानत नाही. विभागाचं नाव मी ठेवलेलं नाही.

सोबत काकूंचा आज सकाळी काढलेला फोटो पाठवते आहे, म्हणजे तुमची खात्री पटेल. तेव्हा त्या झोपल्या होत्या. स्टुडिओवाल्या रिजवानभाईंना तुमची गोष्ट सांगितली, तर त्यांनी फार मनावर घेतलं आणि फोटो खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून दिलं.

लुंबिनी


लातूर
१२ डिसेंबर

लुंबिनीताई यांस,

फोटो मिळाला. डोळे मिटलेले, पांढरी चादर गळ्यापर्यंत, वरून लॅमिनेशन. शेजारचे अजीज येऊन भिंतीला खिळा ठोकून गेले. त्यांची बायको बिलकीस मला रोज डबा देते, ती फोटो बघून दारातच बसली. रिजवानभाईंचं काम स्वच्छ आहे.

गळ्यात काही नाही, हेही वाचलं. ताई, आमच्यात लिंग गळ्यात येतं ते लहानपणी, आणि आल्यावर निघत नाही. एवढीशी चांदीची डबी असते, दोऱ्यात ओवलेली. रोज तेच डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, दुसरा देव लागत नाही, तसबीर तर मुळीच नाही. माणूस गेलं की त्याच हातावर ठेवून त्याच्याबरोबर मातीत जातं. ते अंगावर नसेल तर बसम्मासारखी बाई पाणी पिणार नाही, आणि का पीत नाही हे परक्याला सांगणारही नाही. लिंगाशिवाय आहे हे तोंडाने बोलायचीच लाज वाटते. तेव्हा एक तर ती गेली आहे, नाही तर जिवंत बाईच्या गळ्यातलं कुणीतरी काढलंय. शिकलेल्या माणसांच्या दवाखान्यात हे दुसरं होईल असं मला वाटत नाही.

मी चाळीस वर्षं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान चालवलं. भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्या हाताचं होतं. निम्मी नावं गेलेल्यांची असत. काल जुन्या मालातला एक पितळी तांब्या काढला आणि त्यावर 'लिं. बसम्मा धोंडप्पा' असं घातलं. तुमच्यात कालकथित लिहितात, आमच्यात लिं. लिहितात, म्हणजे लिंगैक्य. खाली तारखेची जागा सोडली आहे, कारण तारीख अजून तुम्ही सांगितलेली नाही.

बसवराज रोज 'बऱ्या आहेत' म्हणून मान डोलवतो. तो चांगला मुलगा आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास नाही. तुमच्यावर थोडा ठेवतो, कारण चहाचं तुम्ही आपण होऊन कबूल केलंत. त्या बाईंना एक विचारा. आमच्या घरात दुधाच्या पातेल्यावर कुणाचं नाव आहे? हे बसम्माशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

धोंडप्पा


नांदेड
१२ डिसेंबर, संध्याकाळ

काका,

बसवराजची परतीची गाडी सुटायची आहे, घाईत लिहिते.

विचारलं. काकूंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. उत्तर जसंच्या तसं देते.

"कुणाचं असंल? त्येंचंच हाय. घरातल्या समद्या भांड्यावर येक तर त्येंचं, न्हाई तर सासूचं. दुनियेच्या बायकांची नावं घातली त्या मानसानं, माझं येका चमच्यावर न्हाई. आन् ह्ये इचारायला त्येन्ला आत्ता सुचलं व्हय?"

मग मी विचारलं, काकू, गळ्यातलं लिंग कुठे आहे? त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. त्या रडल्या. मी बसले. यावेळी नुसती बसले.

समीक्षा नावाच्या नर्सताईंनी ऑपरेशनच्या आधी काकूंची तयारी केली होती. त्यांना विचारलं. ऑपरेशनला नेताना अंगावर धातू आणि दोरा ठेवायचा नाही, असा नियम आहे. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि दोऱ्यासकट ती डबी, सगळं एकाच पिशवीत गेलं. काकूंना तेव्हा गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं. समीक्षाताईंनी नियम पाळला. असल्या वस्तूला हात लावण्याआधी काय विचारायचं, हे वर्गात शिकवायचं काम माझं होतं, आणि मी तिथे प्रेमाने कसं बसावं हे शिकवत होते.

म्हणजे काका, ते तुमच्या कोनाड्यात आहे.

मठातून दुसरं मागवू का, असं काकूंना विचारून पाहिलं. नको म्हणाल्या. आजचा किडनीचा रिपोर्ट चांगला नाही. उद्या दुपारी डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत, आणि काकू म्हणतात, नळी घातली तर उपटून टाकीन. त्या तसं करतील. मला भीती वाटते आहे. पिशवी उघडा.

लुंबिनी


लातूर
१३ डिसेंबर, सकाळ

लुंबिनीताई यांस,

हे पत्र मी स्वतःच तुमच्या हातात देत आहे. तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही आणि माझं बोलणं सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल, तेव्हा लिहून आणलेलं बरं.

पिशवी उघडली. सगळ्यात खाली होतं. इतके दिवस मी त्याच कोनाड्याखाली बसून बिलकीसचा डबा खात होतो, आणि ही तिकडे उपाशी.

ही कुणाच्या हाती पाठवायची वस्तू नाही, म्हणून आलो. बसवराजने पुढची सीट दिली. गुडघे आहेत तिथे आहेत.

आता काय करायचं ते लिहितो. नळीवाल्या डॉक्टरांना थांबवा. ऊन पाण्यात फडकं भिजवून तिचं अंग पुसायला सांगा. विभूती मी आणली आहे. डबी तिच्या हातात मीच देईन, मध्ये कुणी घेऊ नये. पूजा चालू असताना पडदा ओढा. नंतर आधी पाणी द्या, मग दूध. उपमा देऊ नका, तिला आवडत नाही.

पातेल्याबद्दल ती बोलली ते खरं आहे. सगळ्याच भांड्यांबद्दल खरं आहे. कुणी तरी नाव घालायला सांगितलं तर मी घालायचो. तिने कधी सांगितलं नाही.

ती गेली असं समजत होतो तेव्हा मी रडलो नव्हतो. पिशवी उघडल्यावर रडलो. हे तिला सांगू नका.

धोंडप्पा


नांदेड
२० जानेवारी २०२५

आदरणीय काका,

काकू घरी पोचून आठवडा झाला. वॉकर घेऊन चालतात का? न चालायला कारणं सांगत असतील तर ऐकू नका. तुम्हाला ते सोपं जाईल.

त्या दिवशी तुम्हाला ऐकू आल्या नाहीत अशा दोन-तीन गोष्टी आहेत, त्या लिहून कळवते.

एक, तुम्ही वॉर्डच्या दारात उभं राहून "बसम्मा कुठाय?" असं विचारलंत, ते खाली केसपेपरच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं. नळीवाले डॉक्टर आपण होऊनच थांबले.

दुसरी, तुम्ही कॉटपाशी गेलात तेव्हा काकू काय बोलल्या ते. तुम्ही मान हलवलीत, पण तुम्हाला कळलं नसणार, कारण तुम्ही उत्तर म्हणून गाडीला गर्दी नव्हती असं सांगितलंत. काकू म्हणाल्या, "सोटर न घालता आलेत येवढ्या थंडीत." आणि मग तुम्ही डबी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलीत तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं, आता अशीच जाते की काय." त्यानंतर पडदा ओढला, त्यामुळे पुढचं मला माहीत नाही.

मी तिथून बाहेर गेले आणि व्हीलचेअरच्या खोलीत बसून रडले. पूजा झाल्यावर काकूंना पाणी कुणी दिलं ते मी पाहिलं नाही. मुद्दामच गेले नाही. माझा अंदाज चुकीचा होता हे डोक्याला पटलं होतं, पण जाऊन खात्री करायचं धाडस झालं नाही. काकू त्यानंतर महिनाभर इथे होत्या, मी रोज जवळ बसायचे, आमचं छान चाललं होतं. तरी पाण्याचा ग्लास मी पुन्हा पुढे केला नाही. तो नेहमी समीक्षाताईंनाच द्यायला सांगायचे. हे तुम्हाला का लिहिते आहे, मला माहीत नाही. तुम्ही अर्धंच ऐकता म्हणून असेल.

वर्गात आता पहिला धडा बदलला आहे. ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटला विचारायचं, अंगावरचं कोणतं काढलं तर तुम्हाला चालणार नाही? ते काय आहे, का आहे, हे विचारायचं नाही. ते कापडात गुंडाळून पेशंटच्याच मनगटाला बांधता येतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बघून हो म्हटलं. पहिल्याच आठवड्यात एकांचा ताईत निघाला आणि एका आजोबांच्या मनगटावर नातवाच्या शाळेचं रबरी कडं. विभागाला नवी खोली अजून मिळालेली नाही. व्हीलचेअर दोन वाढल्या.

काकूंना नमस्कार सांगा, मोठ्याने.

लुंबिनी


लातूर
२ फेब्रुवारी

लुंबिनी पोरीस बसम्माचा आशीर्वाद.

ह्ये पत्र बिलकीसची पोरगी जिक्रा लिहून राहिली हाय. आमच्या मानसाला सांगितलं असतं तर त्येनं माझं बोलनं सुधरून लिहिलं असतं. जिक्राला म्हनलं, मी बोलते तसंच लिही, येक आक्षर बदलायचं न्हाई.

तुझं पत्र त्येन्नी वाचून कपाटात ठिवलं. मी जिक्राकडनं वाचून घेतलं. त्ये रडले व्हते ह्येबी मला ठावं हाय, बिलकीसनं सांगितलं. तुलाबी त्येन्नी लिहिलंच आसंल, तू सांगितलं न्हाईस, चांगलं केलंस.

घरी आले तर भिताडाला माझा फोटू. डोळे मिटल्याला. कोनाड्यात पितळेचा तांब्या, त्याच्यावर माझं नाव. मी म्हनलं, ह्ये काय? तर ह्यांन्ला येकदम ऐकू येईना झालं. परसात जाऊन बसले. मग कानस घिऊन आले, म्हनले, लिं. तेवढं घासून काढतो, उगं अशुभ दिसतंय. मी म्हनलं, हात लावू नगा. हयातभर वाट बघितली तवा येका भांड्यावर नाव आलं, त्येच्यासाठी मरावं लागलं, आता मी कानस लावू दीन व्हय? त्ये म्हनले, दुसऱ्या तांब्यावर चांगलं घालून देतो. म्हनलं, त्येबी घाला. दोन्ही ठिवते. फोटू मात्र काढाया लावला. खिळ्याला आता त्येंचा सोटर आसतो.

खाली तारखेची जागा मोकळी हाय. रोज चिच लावून घासते, तेवढीच जागा लई चमकती. मला त्याचं भ्याव वाटत न्हाई. तिथं कायतरी यायचंच हाय कवातरी, नाव तर वर आधीच आलंय.

आता तुझं. त्या दिशी तू बाहीर का गेलीस? मी पूजा करून पडद्याकडं बघत बसले व्हते. पयल्यांदा तू पानी पुढं केलं तवा माझ्यानं घेववलं न्हाई, त्येचं कारन तुला कळलंच. तुझ्या तोंडावर कसं झालं व्हतं त्ये मी बघितलं व्हतं. मला बोलता यीना. म्हनून ठरवलं व्हतं, आता घ्यायचं तर पयला घोट हिच्याच हातचा. नरड्याला कोरड पडली तरी वाट बघितली. समीक्षा म्हनली, त्या कुठं गेल्या की, तुम्ही घ्या. हे वरडाया लागले. मग घेतलं तिच्याकडनं.

पुढं म्हयनाभर तू ग्लास समीक्षाच्या हातात दिऊन राहिलीस. मला वाटलं, हिला राग हाय, आसू दे, हिचा राग खरा हाय.

त्या तांब्यातनं मी कुनाला पानी देत न्हाई, ह्यांन्लाबी न्हाई. रोज भरून ठिवते. नांदेडवरनं सकाळची गाडी हाय, बसवराज पुढची सीट दील. येऊन पानी पिऊन जा.

बसम्मा